जुनी ‘फोर बाय फोर’ घेताय? आधी रस्ता तपासा, मग गाडी

क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा, एकाच सीमेत अनेक प्रदेश सामावून आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि भंडारदऱ्याचा जलाशय. तेथे पावसाळ्यात दिवसेंदिवस धुके आणि संततधार असते. दक्षिणेला आणि पूर्वेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हे कमी पावसाचे तालुके. या दोहोंच्या मध्ये प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेला उसाचा पट्टा. तेथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्याच मोठ्या पावसात चाकाला लोण्यासारखी चिकटते.

या जिल्ह्यात शेत, वडिलोपार्जित घर किंवा वृद्ध आई-वडील असलेली अनेक कुटुंबे आज नगर, पुणे, नाशिक वा मुंबईत राहतात. डांबरी रस्ता जेथे संपतो तेथून वस्तीपर्यंतचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर हीच त्यांची खरी अडचण असते. ऐन पावसाळ्यात घरातील आजारी माणसाला राजूर किंवा अकोल्यापर्यंत आणायचे, तर साधी मोटार चिखलात रुतून बसते. नवी चारही चाकांना जोर देणारी गाडी मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेर गेलेली असल्याने साहजिकच नजर जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळते.

मात्र जुनी साधी मोटार घेणे आणि जुनी ‘फोर बाय फोर’ घेणे यात मोठा फरक आहे. या गाडीत नेहमीच्या गिअरबॉक्सखेरीज जोर पुढे-मागे वाटणारा जादा गिअरबॉक्स, पुढचे डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट असे भाग असतात. हे भाग एक तर वर्षानुवर्षे न वापरल्याने गंजतात किंवा हौशी मालकाच्या हातून नको तितके राबवले जातात. दोन्ही प्रकारची हानी चकचकीत रंगाखाली दिसत नाही. म्हणूनच ही खरेदी नाव आणि रूप पाहून करू नये. रस्ता, यंत्रणा, गाडीची अवस्था आणि कागदपत्रे या क्रमाने विचार केला, तरच मोजके पैसे सत्कारणी लागतात.

गरज किती, हे आधी ठरवा

पहिला प्रश्न गाडीचा नसून रस्त्याचा आहे. पाथर्डी वा जामखेडच्या कोरड्या, खडकाळ माळरानावर गाडी अडते ती बहुधा पोट जमिनीला घासल्यामुळे. तेथे उंच बांधणीची, मजबूत पाट्यांची आणि चांगल्या टायरांची मागील चाकांना जोर असलेली बोलेरोसारखी गाडी पुरते. तिची किंमत कमी, इंधन कमी आणि दुरुस्तीही सोपी. चढावरचा ओला मुरूम, काळ्या मातीचा चिखल, ओढ्यातील निसरडे गोटे या ठिकाणी मात्र दोन चाके जागीच फिरू लागतात. तेथेच चार चाकांच्या जोराला अर्थ आहे.

आपला नेहमीचा मार्ग कागदावर लिहून काढावा. वर्षातील किती दिवस चिखल असतो, किती माणसे असतात, किती ओझे असते, महामार्गावरचा प्रवास किती? पुण्याहून महिन्यातून दोनदा येणाऱ्या कुटुंबाची बहुतेक धाव डांबरी रस्त्यावरच होते. अशा कुटुंबाने केवळ शेवटच्या तीन किलोमीटरसाठी कडक, आवाजी आणि एअरबॅग नसलेली उघडी जीप घ्यावी का, याचा शांतपणे विचार करावा. केवळ पर्यटनासाठी घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की अकोल्याचा डोंगराळ भाग बऱ्याच अंशी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. तेथे रस्ता सोडून गाडी घालण्याची मुभा नाही.

यंत्रणा समजून घ्या

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत चार चाकांचा जोर कायम नसतो. गरजेपुरता जोडायचा असतो. त्याच्या दांड्याला किंवा बटणाला तीन अवस्था असतात : नेहमीसाठी फक्त मागची दोन चाके, निसरड्या जागेसाठी ‘फोर हाय’ आणि अतिशय कठीण जागेसाठी ‘फोर लो’. ‘लो’मध्ये गाडीचा वेग साधारण अडीचपट घटतो आणि चाकांवरील जोर त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे उताराला ब्रेकवर विसंबून न राहता इंजिनाच्या बळावर गाडी सावकाश उतरवता येते. घाटमाथ्यावरील ओल्या कच्च्या उतारांवर याचा उपयोग चढावापेक्षाही अधिक होतो.

या रचनेची एक मर्यादा आहे. वळताना पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते. ‘फोर हाय’मध्ये मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने बांधला जातो. मातीत चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरू शकत नाहीत आणि सारा ताण गिअर, साखळी व सांध्यांवर येतो. आधीच्या मालकाने महामार्गावर ‘फोर हाय’ लावून गाडी पळवली असेल, तर तिचा जादा गिअरबॉक्स थकलेला असण्याची शक्यता असते. गाडी विकणारा ‘नेहमी फोर व्हीलवरच चालवतो’ असे अभिमानाने सांगू लागला, तर तो गुण समजू नये.

दुसरा प्रकार आपोआप जोर वाटणाऱ्या गाड्यांचा. २०१४ मध्ये आलेली रेनॉ डस्टरची चारही चाकांना जोर देणारी डिझेल आवृत्ती त्यांपैकी एक. महामार्गावर ती सुखाची आणि ओल्या कच्च्या रस्त्यावर खात्रीची आहे. तिला ‘लो’ गिअर नाही. त्यामुळे खोल चिखल किंवा मोठे धोंडे हे तिचे क्षेत्र नव्हे. शिवाय डस्टरचे डिझेल इंजिन २०२० मध्ये बंद झाले असल्याने या यंत्रणेचे सुटे भाग कोठे आणि किती दिवसांत मिळतात, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. साधे डिफरन्शियल कमी पकड असलेल्या चाकालाच फिरू देते. त्यामुळे पुढचे एक आणि मागचे एक चाक अधांतरी झाले, तर ‘फोर बाय फोर’ गाडीही अडते. त्यावर डिफरन्शियल लॉक हा उपाय आहे. फोर्स मोटर्सच्या गुरखाच्या अनेक गाड्यांत तो पुढे-मागे दोन्हीकडे मिळतो. शेतरस्त्यासाठी मात्र त्याची निकड क्वचितच भासते. चांगले टायर आणि संथ, सरावलेला हात पुष्कळदा पुरेसा ठरतो.

नाव एक, गाड्या अनेक

बाजारात सर्वाधिक फसगत नावामुळे होते. बोलेरोच्या बहुसंख्य गाड्यांना फक्त मागच्या चाकांचा जोर आहे. चारही चाकांना जोर असलेल्या थोड्याच. २०१० ते २०२० या काळातील थारच्या डीआय प्रकारात दोन चाकांच्या जोराची आवृत्तीही होती आणि २०२३ मध्ये नव्या थारचीही तशी आवृत्ती आली. टाटा सफारीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९९८ पासूनची जुनी सफारी आणि २०१२ ची स्टॉर्म यांत ‘फोर बाय फोर’चा पर्याय होता, २०२१ मध्ये त्याच नावाने आलेल्या गाडीत जोर पुढच्या चाकांनाच आहे. मागे लावलेली अक्षरे दुकानात विकत मिळतात. त्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रावरील प्रकार आणि गाडीखालचा पुढचा शाफ्ट या दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत.

मर्यादित पैशांत विचार करण्याजोगे पर्याय मोजकेच आहेत. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी हलकी असल्याने चिखलावर सहज तरंगते. १९९६ नंतरचे १.३ लिटर इंजिन आधीच्या १ लिटरपेक्षा निश्चितच बरे. ती पेट्रोलवर चालते, पाटे कडक आहेत आणि मागची बाके समोरासमोर असल्याने लहान मुलांसाठी ती सुरक्षित म्हणता येत नाही. शिवाय आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यातले काही इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातील उसाचे असते. पण जुन्या जिप्सीचे रबरी नळ आणि कार्ब्युरेटरची वायसरे त्यासाठी बनलेली नव्हती. ती बदलण्याचा खर्च धरूनच किंमत ठरवावी.

महिंद्राच्या जुन्या एमएम ५४०, मेजर आणि ‘फोर बाय फोर’ बोलेरो या गाड्यांची बांधणी साधी आहे. तालुक्याच्या गावचा फिटरही त्या उघडून जोडू शकतो. २०१० च्या थारचे सीआरडीई इंजिन अधिक ताकदवान आहे. तथापि त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांत एअरबॅग नाहीत. महामार्गावर कुटुंबासह जायचे असेल तर ‘फोर बाय फोर’ स्कॉर्पिओ किंवा सफारी स्टॉर्म हे पर्याय अधिक सोयीचे ठरतात. त्यांत चार चाकांचा जोर बटणाने जोडला जातो. म्हणजे गिअरसोबत विजेची मोटर, तारा आणि स्विचही तपासावे लागतात.

जुनी पजेरो किंवा एंडेव्हर कमी भावात मिळते तेव्हा मोह होतो. या गाड्या भक्कम आहेत यात शंका नाही. पण गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या गाडीचा भाग महिनाभर येत नाही, ती पावसाळ्यातील वाहन म्हणून निरुपयोगी ठरते. बोलेरो, स्कॉर्पिओ आणि थार या गाड्या शेजारच्या नाशिकच्या कारखान्यात तयार होत आल्या आहेत. त्यांचे भाग आणि जाणकार हात या परिसरात सहज सापडतात, हा त्यांचा मोठा गुण होय.

गाडीखाली पाहा

गाडी पाहायला दिवसाच जावे आणि ‘धुऊन ठेवू नका, इंजिन तापवू नका’ असे आधीच सांगावे. गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. इंजिन गरम असेल, तर थंड इंजिन सुरू होण्यातील दोष लपवला जात असण्याची शक्यता असते. सुरू होताना क्षणभर दिसणारा धूर आणि सतत येणारा निळसर धूर यांत फरक आहे. निळसर धूर इंजिन ऑइल जाळत असल्याचे सांगतो.

त्यानंतर गाडीखाली पाहावे. चेसिसच्या कण्यावर नवे वेल्डिंग, ठिगळ किंवा केवळ एकाच भागावर काळा रंग दिसल्यास कारण विचारावे. किनारपट्टीवर वापरलेल्या गाडीत गंज अधिक असतो. उसाच्या पट्ट्यात चेसिसच्या खाचांत वर्षानुवर्षे चिखल साचून ओल धरतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिल्यास पोकळ आवाज गंजाची जागा दाखवतो. पाट्यांतील तुटलेले पान, शाफ्टच्या क्रॉसमधील ढिलेपणा, पुढच्या ॲक्सलचे फाटलेले रबरी बूट आणि जादा गिअरबॉक्सच्या सीलमधून गळणारे तेल या चार गोष्टी अवश्य पाहाव्यात.

सर्वांत महत्त्वाची तपासणी सर्वांत स्वस्त आहे. पुढच्या व मागच्या डिफरन्शियलचे आणि जादा गिअरबॉक्सचे थोडे तेल काढून पाहावे. ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. ओढ्यात गरम ॲक्सल बुडाला की तो थंड होताना सीलमधून किंवा तुंबलेल्या ब्रीदरमधून पाणी ओढून घेतो. तेलात धातूचा चुरा चमकत असेल तर गिअर झिजले आहेत. पुरात सापडलेल्या गाड्यांनाही ही परीक्षा लागू पडते. कोल्हापूर-सांगलीत २०१९ मध्ये महापूर आला तेव्हा असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. आसनांच्या पट्ट्यांवरील गंज, गालिच्याखालची माती आणि कुबट वास या खुणा सहसा पुसल्या जात नाहीत.

चार चाकांचा जोर खरोखर मिळतो की नाही, हे गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवून पाहणे उत्तम. ‘फोर हाय’ लावल्यावर पुढचा आणि मागचा, दोन्ही शाफ्ट फिरले पाहिजेत. काही जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांच्या हबवरील कुलूपही फिरवावे लागते, तेही सुटते-लागते का ते पाहावे. मग मऊ मातीत ‘फोर लो’मध्ये पहिल्या गिअरवर सावकाश चालवावे. गिअर आपोआप निसटणे, खटखट होणे किंवा साखळी उडाल्यासारखा धक्का बसणे ही खर्चाची नांदी आहे. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत. टायरवरील चार आकडी खुणेत पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होऊन ओल्या खडकावर घसरते.

लष्करी गाड्या आणि परप्रांतीय स्वस्ताई

चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था यांमुळे अहिल्यानगरचे लष्करी वाहनांशी जुने नाते आहे. लिलावातून बाहेर पडलेल्या जिप्सी वा जोंगाचे आकर्षणही त्यामुळेच. मात्र लष्करातून निकाली निघालेल्या गाडीला मुलकी नोंदणी लागते. ती आधीच झाली असेल आणि प्रमाणपत्रावरील चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळत असतील, तरच विचार करावा. ‘कागद नंतर करून देतो’ या शब्दावर पैसे देऊ नयेत. जबलपूरला बनणाऱ्या जोंगाचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले. तिची तहान आणि तिचे दुर्मिळ भाग ही केवळ हौशी माणसाला परवडणारी गोष्ट आहे.

हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी बांधल्या जाणाऱ्या रुबाबदार जीपही विक्रीला येतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. अशा गाडीला अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळवतानाही अडचण येऊ शकते. दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आल्याने तेथील गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्या मुळातच वाईट असतात असे नाही. पण १२ महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवायच्या असल्यास येथे नव्याने नोंदणी करून कर भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई बरीचशी विरून जाते.

कागद पक्के, तर व्यवहार पक्का

गाडीची नोंद परिवहन विभागाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर पाहता येते. मालकाचा क्रमांक, कर्जाचा बोजा, विमा, कर, प्रलंबित दंड आणि नोंदणीची मुदत या बाबी तेथे तपासाव्यात. कर्ज फिटले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घ्यावा. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात. राज्यातल्या राज्यात व्यवहार असल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे कायद्याने अपेक्षित आहे. जिल्ह्यात ‘एमएच १६’ हा क्रमांक अहिल्यानगरचा, तर ‘एमएच १७’ श्रीरामपूरचा आहे. गाडी ज्या कार्यालयाची, तेथील नोंद पाहावी. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघात भरपाईच्या प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे हस्तांतर रेंगाळू न देणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झाले आणि २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १० हजार करण्यात आले. त्यात राज्याचा हरित कर निराळा. १४ वर्षांची गाडी घेताना हा खर्च पुढच्याच वर्षी दारात उभा राहणार, हे विसरू नये.

पैशांचे गणित

हाती असलेली सर्व रक्कम गाडीच्या किमतीत घालणे ही सर्वांत महाग चूक ठरते. साधारण पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा. चार लाख रुपये असतील तर गाडी सव्वातीन लाखांच्या आतच पाहावी. उरलेल्या रकमेतून पहिल्याच महिन्यात सर्व तेले, पट्टे, ब्रेक, बॅटरी आणि गरज असल्यास पाचही टायर बदलून घ्यावेत. या गाडीचे तेल दोन ठिकाणी नव्हे तर पाच ठिकाणी बदलावे लागते : इंजिन, गिअरबॉक्स, जादा गिअरबॉक्स आणि दोन डिफरन्शियल. तपासणीसाठी आपल्या ओळखीच्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या फिटरला मोबदला देऊन न्यावे. त्याचे हजार-दोन हजार रुपये पुढचे पन्नास हजार वाचवू शकतात.

खरेदीचा हंगामही विचारात घ्यावा. पावसाच्या तोंडावर अशा गाड्यांना मागणी वाढते. दिवाळीनंतर घाई नसलेल्या ग्राहकाला पाहायला, नाकारायला आणि घासाघीस करायला उसंत मिळते. पाच गाड्या पाहून चार नाकारण्याची तयारी हवी. गाडी घेतल्यानंतर महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर ‘फोर हाय’ आणि ‘फोर लो’ लावून थोडे अंतर चालवावे. त्यामुळे आतील भागांना तेल पोहोचते आणि ऐन वेळी दांडा अडकत नाही.

चार चाकांचा जोर माणसाला पुरातून वाहत जाण्यापासून वाचवत नाही. फरशीवरून गुडघाभर पाणी वेगाने वाहत असेल, तर कोणतीही गाडी तेथे थांबलीच पाहिजे. या गाडीचे काम इतकेच, की ज्या वाटेने जाणे शक्य आहे तेथे तिने ऐन वेळी दगा देऊ नये. त्यासाठी कमी रुबाबाची, एका हाताने जपलेली, स्वच्छ कागदांची आणि जवळच भाग मिळणारी गाडी ही नामांकित पण अज्ञात इतिहासाच्या गाडीपेक्षा केव्हाही श्रेयस्कर. खिशात पैसे मोजके असतील, तर हा नियम अधिकच कसोशीने पाळावा.